गिरणगावात समुद्र दिसणारं घर घेताना: शिवडी ते वरळी, एकेक पायरी

लालबाग, परळ, शिवडी, लोअर परळ, वरळी या गिरणगावाच्या पट्ट्यातले बरेच उंच टॉवर जुन्या गिरण्यांच्या, गोदामांच्या, कारखान्यांच्या किंवा चाळींच्या जागेवर उभे आहेत. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर या भागाचं अर्थकारण पार बदललं. त्यानंतर जमिनीचे नियम बदलले, आणि ज्या आवारांत सूत निघायचं तिथून आता समुद्र दिसतो. वरळीच्या बाजूला अरबी समुद्र, शिवडीच्या बाजूला बंदर आणि खाडी. या घरांच्या किमती कोटींत असतात आणि घेणारे बहुतेक जण आयुष्यभराची कमाई त्यात घालतात.

असं घर बघायला गेलेल्या माणसाला विक्रीवाले आधी खिडकीपाशी नेतात. माझा सल्ला उलटा आहे: जमिनीपासून सुरुवात करा आणि खिडकीपाशी शेवटी या. समुद्र दाखवायला कुणाची मदत लागत नाही. पायाखालची जमीन कुणाची, तिथे आधी काय होतं, पावसात पाणी कुठे जातं, पुढच्या भूखंडावर काय उठणार, हे मात्र तुम्हालाच खणून काढावं लागतं.

पायरी १: आधी किनारा ठरवा

मुंबई शहराला दोन किनारे आहेत आणि दोन्हीकडचं राहणं वेगळं आहे. दर चौरस फुटाचा भाव बघून मगच किनारा निवडायची पद्धत आहे. ती टाळा.

पश्चिमेला, म्हणजे वरळी-प्रभादेवीकडे, समोर खुला समुद्र. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा वारा थेट अंगावर येतो आणि पाऊस आडवा लागतो. मार्च ते मे दुपारपासून सूर्यास्तापर्यंत ऊन काचेवर असतं, त्यामुळे एसीचं बिल मोठं. सागरी किनारा रस्ता, सी लिंक आणि भुयारी मेट्रो ३ यांमुळे दक्षिण मुंबई आणि वांद्रे दोन्ही जवळ आले आहेत. किंमत अर्थात त्याच हिशोबाने.

पूर्वेला, शिवडी-वडाळ्याकडे, समोर समुद्र आहे पण शांत. ओहोटीला मैलभर चिखल उघडा पडतो, कांदळवन दिसतं आणि साधारण नोव्हेंबर ते मे फ्लेमिंगो उतरतात. सकाळचं ऊन मिळतं, दुपारी घर थंड राहतं, मिठाचा मारा तुलनेने कमी. पण खिडकी आणि पाणी यांच्यामध्ये हार्बर रेल्वे, बंदराची गोदामं, तेलाच्या टाक्या आणि अवजड वाहनांचे रस्ते आहेत. खाडीपलीकडे माहुलचे तेलशुद्धीकरण कारखाने आहेत, आणि तिथल्या हवेबद्दलची प्रकरणं उच्च न्यायालय आणि हरित लवादापर्यंत गेलेली आहेत. घरात दम्याचा रुग्ण असेल तर ही गोष्ट पहिल्या क्रमांकावर ठेवा. अटल सेतूचं १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झाल्यापासून शिवडीहून नवी मुंबई आणि पुण्याकडे जाणं सोपं झालं आहे. ज्यांचं काम त्या बाजूला असतं त्यांच्यासाठी शिवडी वरळीपेक्षा सरस ठरते, असं मी ठामपणे म्हणेन.

शिवडी-वरळी उन्नत जोडरस्त्याची आखणी नकाशावर नीट बघा. परळ-प्रभादेवीतल्या काही इमारतींच्या अगदी बाजूने तो जातो. प्रवास सोपा होईल खरा, पण दहाव्या-बाराव्या मजल्यापर्यंतच्या खिडक्यांना वाहनांचा आवाज आणि धूळ यांच्यासोबत राहावं लागेल.

पायरी २: जमिनीची कुंडली काढा

शहर भागातल्या जमिनीला सी.एस. नंबर असतो (उपनगरात सीटीएस). इमारतीचा सी.एस. नंबर आणि विभाग, उदाहरणार्थ ‘परळ-शिवडी’, ‘लोअर परळ’ किंवा ‘वरळी’, मागून घ्या आणि मालमत्ता पत्रक काढा. त्यावरून मालकी कुणाची, फ्रीहोल्ड (म्हणजे पूर्ण मालकीची) की भाडेपट्ट्याची, हे कळतं. भाडेपट्टा असेल तर तो कुणाचा (महापालिका, जिल्हाधिकारी की मुंबई बंदर प्राधिकरण), मुदत कधी संपते, नूतनीकरणाच्या अटी काय, आणि घर हस्तांतरित करताना परवानगी किंवा रक्कम द्यावी लागते का, हे लेखी विचारा. भाडेपट्ट्याची जमीन वाईट असते असं नाही, पण पुढे विकताना आणि सोसायटीच्या नावे जमीन करताना तिथेच गाडी अडकते.

मग तिथे आधी काय होतं ते शोधा. इथे तीन वेगळे प्रकार पडतात आणि प्रत्येकाचा धोका वेगळा आहे.

गिरणीची जमीन असेल तर तिला स्वतंत्र नियम आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या कलम ५८ नुसार अशा जमिनीचे तीन वाटे व्हायचे होते: एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ च्या बदलाने ही वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती राहिली, गिरणीच्या बांधकामाखालची जमीन त्यातून सुटली. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्याविरुद्ध निकाल दिला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. गिरणगावाला ज्या बागा आणि मैदानं मिळायला हवी होती ती या बदलात गेली. लोअर परळच्या अरुंद रस्त्यांवर आज जी कोंडी दिसते तिचं मूळ इथे आहे, आणि मला याचं आजही वाईट वाटतं. खरेदीदार म्हणून तुम्ही एवढं विचारा: या आवारातला म्हाडाचा आणि महापालिकेचा वाटा कुठे आहे, आणि तो हस्तांतरित झाला का? सध्याच्या विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ मध्ये गिरण्यांसाठी नियम ३५ आहे. मंजूर नकाशावर त्याचा उल्लेख सापडेल.

दुसरा प्रकार चाळीचा किंवा झोपडपट्टीचा पुनर्विकास. शिवडी-परळमधले अनेक महागडे टॉवर उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींच्या, म्हणजे नियम ३३(७) च्या, किंवा झोपु (झोपडपट्टी पुनर्वसन) योजनेच्या, म्हणजे नियम ३३(१०) च्या, विक्री इमारती आहेत, म्हणजे बाजारात विकायच्या घरांच्या. इथे एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघायची: पुनर्वसनाची इमारत कुठवर आली? जुने रहिवासी हक्काच्या घरात गेल्याशिवाय विक्री इमारतीची वाट सहसा मोकळी होत नाही. पुनर्वसन इमारत अर्धवट आणि विक्री इमारतीचा नमुना फ्लॅट चकाचक असेल तर थांबा. त्या जुन्या रहिवाशांपैकी दोघांशी बोला. नवं घर मिळेपर्यंत बाहेर राहण्यासाठी विकासक देतो ते भाडं वेळेवर मिळतं का, एवढा एकच प्रश्न विचारा. जो विकासक संक्रमण काळातलं भाडं थकवतो त्याच्याकडे पैशाची चणचण आहे हे उघड आहे.

तिसरा प्रकार कारखाना, रंगकाम विभाग, तेलाचं गोदाम किंवा गॅरेज. अशा जागेच्या मातीत रंगद्रव्यं, तेल, जुन्या छपरांतलं अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. २०,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते. मंजुरीचा अर्ज, अटी आणि सहामाही अनुपालन अहवाल केंद्राच्या परिवेश पोर्टलवर सापडतात. प्रकल्पाचं नाव टाकून ते वाचा. माती आणि भूजलाची तपासणी, पाडकामाच्या कचऱ्याची विल्हेवाट, सांडपाणी प्रक्रिया केंद्राची क्षमता, सगळं त्यात असतं. विक्री कार्यालयातला माणूस ‘असं काही नसतं’ म्हणाला तर त्यालाच तो अहवाल दाखवा.

पायरी ३: महारेरा आणि परवानग्या

बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पाच्या जाहिरातीवर महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचा, क्यूआर कोड असतो. तो स्कॅन करून प्रकल्पाचं पान उघडा आणि घाई न करता वाचा. ताबा देण्याची घोषित तारीख किती वेळा पुढे गेली, किती घरं विकली गेली, जमिनीवर कर्ज आहे का, कोणते खटले चालू आहेत, हे तिथे दिसतं. मंजूर नकाशा उतरवून घ्या आणि तुमच्या मजल्याचा आराखडा त्याच्याशी ताडून बघा.

एक गोष्ट विशेष तपासा: प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे बांधकाम करण्याची परवानगी, किती मजल्यांपर्यंत आहे. उंच टॉवरला ते टप्प्याटप्प्याने मिळतं. तुमचा मजला ५२ वा आणि प्रमाणपत्र ३८ व्या मजल्यापर्यंत असेल, तर तुम्ही अजून परवानगी न मिळालेल्या घराचे पैसे मोजताय.

तयार घर असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, बघितल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. अंशतः ओसी असेल तर ती कोणत्या मजल्यापर्यंत आहे ते वाचा. वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडचं उदाहरण प्रत्येक खरेदीदाराने लक्षात ठेवावं. शीतपेयाच्या कारखान्यासाठी महापालिकेने भाडेपट्ट्याने दिलेल्या जमिनीवर १९८० च्या दशकात निवासी इमारती उभ्या राहिल्या आणि मंजुरीपेक्षा जास्त मजले चढवले गेले. ओसी नसताना कुटुंबं तिथे वर्षानुवर्षं राहिली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मजले बेकायदा ठरवले आणि २०१४ मध्ये त्या घरांचं पाणी, वीज, गॅस तोडला गेला. घर घेणाऱ्यांनी पैसे पूर्ण मोजले होते. कागद मात्र अपुरा होता.

पुनर्विक्रीचं घर घेत असाल तर सोसायटीच्या नावे जमिनीचं अभिहस्तांतरण झालं आहे का ते विचारा. झालं नसेल तर मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे विकासकाच्या सहीविना सरकारी अधिकाऱ्याकडून जमीन नावे करून घेण्याचा, मार्ग आहे, पण तो वेळखाऊ आहे. शिवाय स्वतःचा वकील नेमा. विकासकाने सुचवलेला वकील कितीही चांगला असला तरी तो तुमचा नव्हे. मालकीच्या नोंदींचा शोध अहवाल किमान ३० वर्षांचा मागा.

पायरी ४: दृश्य किती वर्षं टिकेल?

समुद्रदर्शनासाठी जो जादा भाव मोजता तो समोरच्या भूखंडाच्या भरवशावर मोजता. म्हणून समोरच्या भूखंडाची चौकशी स्वतःच्या भूखंडाइतकीच करा. महापालिकेच्या संकेतस्थळावरून, शुल्क भरून, कोणत्याही सी.एस. नंबरचा डीपी रिमार्क, म्हणजे विकास आराखड्यात त्या जागेवर काय आरक्षण आहे याची नोंद, मिळतो. समोर उद्यानाचं आरक्षण असेल तर दिलासा. दोन मजली जुनी चाळ, बंद गोदाम किंवा पेट्रोल पंप असेल तर तिथे पन्नास मजले येणार असं गृहीत धरा. बीडीडी चाळींचा पुनर्विकास हे त्याचं मोठं उदाहरण: वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग इथल्या तीन मजली चाळींच्या जागी टॉवर येत आहेत. काल ज्या खिडकीतून चाळींच्या छपरांवरून समुद्र दिसत होता तिथे उद्या इमारत दिसणार. चाळीतल्या लोकांना मोठं घर मिळतंय ही आनंदाची गोष्ट आहे, आणि तुमचं दृश्य जातंय म्हणून त्यांनी तसंच राहावं अशी अपेक्षा कुणी करू नये.

किनारपट्टीच्या नियमांमुळे, म्हणजे सीआरझेडमुळे, अगदी पाण्यालगतच्या पट्टीवर बंधनं आहेत. वरळीत किनारा रस्त्यासाठी भराव घातलेल्या जमिनीवर बागा आणि मोकळ्या जागांचं नियोजन आहे. त्यामुळे थेट पहिल्या रांगेतल्या घराचं दृश्य सर्वांत सुरक्षित. दुसऱ्या-तिसऱ्या रांगेतल्या घरांचं दृश्य दोन टॉवरच्या फटीतून येतं, आणि फट बुजायला एक मंजुरी पुरते.

शिवडीत मुख्य प्रश्न बंदराच्या जमिनीचा आहे. पूर्व किनाऱ्याच्या विकासाच्या योजना कित्येक वर्षं चर्चेत आहेत. गोदामं जाऊन तिथे बाग येईल की बांधकाम, हे आज छातीठोकपणे सांगणाऱ्या कुणावरही विसंबू नका. किती मजल्यावर गेलं की समोर मध्यम उंचीची इमारत येऊनही पाणी दिसेल, हा हिशोब करून मजला निवडा. फ्लेमिंगोंच्या नावाने जादा पैसे मोजू नका. पक्षी चिखलातल्या अन्नावर येतात, माणसांच्या जाहिरातीवर नाही.

पायरी ५: चुकीच्या वेळी घर बघायला जा

नमुना फ्लॅट जानेवारीच्या सकाळी सुंदरच दिसतो. तुम्ही जाण्याच्या वेळा अशा ठेवा: मे महिन्यातली दुपारी साडेतीनची वेळ (पश्चिमेकडचं घर असेल तर), मोठ्या ओहोटीची वेळ (शिवडीचं असेल तर, वास कळण्यासाठी), कामाच्या दिवशी सकाळी साडेनऊ आणि संध्याकाळी सात (रस्त्यासाठी), आणि जुलैतला भर पावसाचा दिवस. वरळीत लव्ह ग्रोव्हला मलनिस्सारणाचं केंद्र आहे. वाऱ्याची दिशा बदलली की त्या परिसरात काय वास येतो हेही एकदा संध्याकाळी उभं राहून बघा.

पावसाच्या दिवसाची तारीख निवडताना भरतीचं वेळापत्रक बघा. पावसाळ्यात साडेचार मीटरपेक्षा उंच भरतीच्या दिवसांची यादी महापालिका आधीच जाहीर करते. मुंबईच्या अनेक पर्जन्य जलवाहिन्यांची तोंडं भरतीच्या पातळीखाली आहेत, त्यामुळे भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की पाणी बाहेर जाण्याऐवजी रस्त्यावर साचतं. हाजी अली, लव्ह ग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया ही उदंचन (पाणी उपसून समुद्रात टाकणारी) केंद्रं त्यासाठीच बांधली गेली. हिंदमाता परिसरात साचणाऱ्या पाण्यासाठी परळ आणि दादरला भूमिगत टाक्या झाल्या आहेत. तरीही हा भाग मुळात सखल आहे. वरळी आणि महालक्ष्मीच्या मध्ये समुद्राचं पाणी आत शिरत असे, ते १८ व्या शतकात हॉर्नबी वेलार्डचा बांध घालून अडवलं गेलं. पाणी आपली जुनी वाट विसरत नाही. २६ मे २०२५ च्या पावसात वरळीचं आचार्य अत्रे चौक मेट्रो स्थानक सुरू होऊन महिनाही झाला नव्हता, तेव्हा आत पाणी शिरलं.

४० व्या मजल्यावर पाणी येणार नाही हे खरं, पण तुमची गाडी तळघरात असते आणि विजेचा मुख्य पॅनेल बहुधा खालीच असतो. विचारा: तळघरं किती, रस्त्यापेक्षा प्रवेशद्वाराची उतरण उंच आहे का, पाणी उपसणारे पंप जनरेटरवर चालतात का, वीज उपकेंद्र कोणत्या पातळीवर आहे. सुरक्षारक्षकाला आणि शेजारच्या टपरीवाल्याला विचारा की २९ ऑगस्ट २०१७ च्या अतिवृष्टीत इथे पाणी कुठवर आलं होतं. त्यांचं उत्तर कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा विश्वासार्ह असतं.

पायरी ६: मीठ, वारा आणि काच

समुद्रकाठच्या इमारतीला सर्वांत मोठा शत्रू हवेतलं मीठ. ते काँक्रीटमधून हळूहळू आत जातं, सळ्या गंजतात, गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीटचे पोपडे सुटतात. भारतीय मानक आयएस ४५६ किनारी हवेला ‘तीव्र’ श्रेणीत टाकतं आणि त्यासाठी किमान एम३० दर्जाचं काँक्रीट आणि सळईवर ४५ मिलिमीटरचं आवरण सांगतं. थेट तुषार उडणाऱ्या जागी अट याहून कडक आहे. स्ट्रक्चरल कन्सल्टंटच्या टिपणीत हे आकडे मागा. उंच टॉवरच्या खांबांत काँक्रीट सहसा याहून बऱ्याच वरच्या दर्जाचं असतं. पण बाल्कनी, छज्जे आणि एसीचे कट्टे यांच्या आवरणात ढिलाई होते, आणि मीठ पहिल्यांदा तिथेच बसतं.

प्रत्यक्ष घरात हे तपासा. बाल्कनीचे कठडे आणि बिजागऱ्या ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलच्या आहेत की ३०४ च्या? समुद्रासमोर ३०४ वर काही पावसाळ्यांत तांबूस डाग पडतात. खिडक्या सरकत्या की बिजागरीच्या? बिजागरीची खिडकी रबरी पट्टीवर घट्ट बसते, आडवा पाऊस तुलनेने चांगला अडवते. सरकत्या खिडकीच्या रुळात पाणी साचून आत येतं. पाणी बाहेर जाण्याची भोकं आहेत का ते बोट लावून बघा. ताब्याच्या वेळी नळी लावून प्रत्येक खिडकीवर बाहेरून पाणी मारून बघण्याचा आग्रह धरा. उंच मजल्यावर ते शक्य नसेल तर किमान एक जोरदार पाऊस जाईपर्यंत खिडक्यांची तक्रारनोंद खुली ठेवण्याचं लेखी घ्या.

पश्चिमेच्या काचेला उष्णता अडवणारा लेप आहे का? नसेल तर नंतर फिल्म लावावी लागते, आणि काही सोसायट्या बाहेरचा रंग बदलतो म्हणून त्याला मनाई करतात.

एसीची बाहेरची युनिटं जिथे बसतात तिथे माणूस सुरक्षितपणे पोचू शकतो का, हा प्रश्न क्वचित कुणी विचारतं. किनाऱ्यावर ही युनिटं लवकर सडतात आणि वारंवार धुवावी लागतात. कट्टा अरुंद आणि दरवाजा नसलेला असेल तर तंत्रज्ञाचा जीव धोक्यात घालून काम करून घ्यावं लागेल. असं घर मी नाकारेन.

लिफ्टचा हिशोबही करा. मजल्यावर किती घरं, लिफ्ट किती, त्यातली सामानाची वेगळी आहे का, वीज गेल्यावर जनरेटरवर किती चालतात. आश्रय मजले (आग लागली तर थांबण्यासाठी मोकळे ठेवलेले) कुठे आहेत ते बघा आणि तिथे कुणी सामान भरून ठेवलं आहे का तेही. राज्याच्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार इमारतीची यंत्रणा चालू असल्याचं ‘नमुना ब’ प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैला द्यावं लागतं. तयार इमारतीत शेवटची दोन प्रमाणपत्रं मागा.

पायरी ७: खरा हिशोब

महारेराच्या व्याख्येतल्या चटई क्षेत्रात आतल्या भिंती येतात, पण बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी येत नाहीत. भाव नेहमी याच क्षेत्रावर काढा. बाल्कनीसह ‘वापराचं क्षेत्र’ सांगणाऱ्यांना थांबवा.

समजा, बांधकाम चालू असलेलं घर ६ कोटींचं आहे. मुंबईत मुद्रांक शुल्क मेट्रो उपकरासह ६ टक्के, म्हणजे ३६ लाख. घर फक्त महिलांच्या नावे असेल तर एक टक्का सवलत, म्हणजे ३० लाख. नोंदणी शुल्क ३० हजार. ओसी नसल्याने जीएसटी ५ टक्के, आणखी ३० लाख. ओसी मिळालेल्या घरावर जीएसटी लागत नाही. ७५ लाखांवरच्या गृहकर्जात बँका घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच देऊ शकतात, म्हणजे साडेचार कोटी. मुद्रांक शुल्क त्या किमतीत धरत नाहीत. म्हणजे सजावटीआधीच खिशातून दीड कोटी अधिक सुमारे ६६ लाख. शिवाय विकासकाला पैसे देताना १ टक्का टीडीएस तुम्हीच कापून भरायचा असतो. तो किमतीतूनच जातो, पण विसरलात तर दंड तुम्हाला.

यापुढचा खर्च दर महिन्याचा आहे आणि तोच लोकांना नंतर जड जातो. तरणतलाव, क्लब, मध्यवर्ती वातानुकूलित लॉबी, सांडपाणी केंद्र, दहा-बारा लिफ्ट, हे सगळं चालतं तुमच्या देखभाल वर्गणीवर. समजा दर चौरस फुटाला २० रुपये असेल तर १,२०० फुटांच्या घराला महिना २४ हजार. वर्गणी महिना ७,५०० रुपयांवर गेली की मोठ्या सोसायटीत त्यावर जीएसटीही येतो. त्यात बाहेरची काच धुण्याचा आणि रंगकामाचा निधी धरला आहे का ते विचारा. समुद्रासमोर हे काम टाळता येत नाही.

पायरी ८: करार आणि ताबा

नोंदणीकृत करार होण्याआधी विकासक किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही. महारेराचा आदर्श करार मिळवा आणि तुम्हाला दिलेला मसुदा त्याच्याशेजारी ठेवून वाचा. चटई क्षेत्र, दोष-दायित्व, अभिहस्तांतरण आणि अनपेक्षित आपत्तीचं कलम यांत फेरफार करायला मनाई आहे. पार्किंगचा क्रमांक, मोजमाप आणि प्रकार जोडपत्रात लिहून घ्या. खुल्या जागेतलं पार्किंग विकता येत नाही. क्लब, तलाव, बाग कधी तयार होणार याची तारीखही जोडपत्रात हवी. मुख्य टॉवर झाला आणि बाग तिसऱ्या टप्प्यावर ढकलली, हे प्रकार भरपूर घडतात.

ताबा घेताना स्वतंत्र स्थापत्य अभियंत्याला सोबत न्या. त्याची फी एका खिडकीच्या किमतीएवढीही नसते. बांधकामातल्या दोषांसाठी ताब्यापासून ५ वर्षं विकासक जबाबदार असतो, म्हणून पहिल्या पावसाळ्यातली प्रत्येक गळती फोटो आणि तारखेसह ईमेलने कळवा. तोंडी सांगितलेलं चार वर्षांनी कुणालाच आठवत नाही. काम होत नसेल तर महारेराच्या सलोखा मंचाकडे आधी जाता येतं, तक्रार त्यानंतर.

पायरी ९: राहायला गेल्यावर

पहिल्या वर्षी सोसायटी स्थापन करण्यात पुढाकार घ्या. विकासकाच्या देखभाल कंपनीकडून हिशोब, हमीपत्रं, यंत्रांचे करार आणि मंजूर नकाशांचा पूर्ण संच सोसायटीकडे आला पाहिजे. मोठ्या टॉवरमध्ये लोक एकमेकांना लिफ्टमध्ये नमस्कार करण्यापलीकडे ओळखत नाहीत. अशा ठिकाणी चार खमके सभासद पुढे आले तरच जमीन सोसायटीच्या नावे होते.

घरात दर दोन-तीन महिन्यांनी खिडक्यांचे रूळ आणि बिजागऱ्या गोड्या पाण्याने पुसून तेल द्या. पावसाळ्याआधी आणि दिवाळीआधी एसीची बाहेरची युनिटं धुवून घ्या. पश्चिमेच्या भिंतीला लाकडी कपाटं चिकटवू नका, मागे बुरशी धरते. पूर्वेकडच्या घरांत बंदरातली बारीक धूळ येते. पडद्यांऐवजी धुता येतील अशा पट्ट्या लावल्या तर बरं.

आणि शेजार. तुमच्या फाटकाबाहेरचं गिरणगाव हा नुसता पत्ता नाही. वरळी कोळीवाड्यातले मच्छीमार आजही त्याच पाण्यावर पोट भरतात. किनारा रस्त्याच्या खांबांमधलं अंतर होड्यांसाठी वाढवून १२० मीटर करून घ्यायला त्यांना लांबचा लढा द्यावा लागला. म्हणून मासळी कोळीवाड्यातून घ्या आणि वासाची तक्रार करू नका. लालबागच्या मसाल्याच्या दुकानांत आणि चिवडा गल्लीत आजही माणसं नावाने ओळखतात, किराणा तिथून घ्या. केईएम, वाडिया, टाटा ही रुग्णालयं जवळ आहेत हे भाग्य, पण त्यांच्या बाहेर पदपथावर राज्यभरातून आलेले रुग्णांचे नातेवाईक झोपतात. तुमच्या सोसायटीचे सुरक्षारक्षक त्यांना तिथून हाकलणार नाहीत एवढी तरी काळजी सभेत घ्या.

सामान हलवण्याचा मुहूर्त गणपतीच्या दिवसांत ठेवू नका. त्या काळात लालबाग-परळकडचे रस्ते गर्दीने भरलेले असतात, ट्रक आत येत नाही. घर पश्चिमेकडचं असेल तर पावसाळाही टाळा आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात या. तोवर एक पाऊस होऊन गेलेला असतो आणि कोणती खिडकी गळते ते फर्निचर लावण्याआधीच कळलेलं असतं.